बाई, सेविका आणि सातबारा

२०१५ साली ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातलं डेंगणमाळ हे लहानसं गाव एकाएकी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. कारण होतं 'पाणीवाली बाई'. विहिरी आटलेल्या, पाण्याची वाट डोंगरातली, पहिली बायको पोराबाळांत किंवा आजारपणात अडकलेली. म्हणून काही घरांतल्या पुरुषांनी पाणी भरण्यासाठी दुसरी, क्वचित तिसरी बायको केली होती. ती बहुधा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असे. तिला डोक्यावर छप्पर आणि नावापुढे कुणाचं तरी नाव मिळे, आणि त्या बदल्यात तिने हंडे वाहायचे. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. परदेशी बातमीदारांना या गोष्टीत नवल सापडलं, दोन-चार घरांची गोष्ट साऱ्या गावाला चिकटली, आणि टँकर पुन्हा पूर्वीसारखाच उशिरा येऊ लागला.

हेच दोन शब्द मुंबईच्या राजकारणात मानाने वापरले गेले आहेत. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' ही पदवी दिली. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घुमली. एका ठिकाणी पाणी आणणारी पुढारी, दुसऱ्या ठिकाणी पाणी वाहणारी बायको. त्यामुळे भाषा बाईला कुठे बसवते हे शोधायचं तर शब्दकोश पुरत नाही. त्या शब्दाने कुणाच्या हाती काय पडतं, तेही तपासावं लागतं.

मराठीत या विषयाची चर्चा बहुतेक वेळा म्हणींपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून बायकांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक करून पुरुषांच्या पदरात घातले. त्यानंतर आपण मुख्यतः याद्या केल्या: पायातली वहाण, परक्याचं धन, चूल आणि मूल. ही यादी शहापूरशेजारच्या मुरबाडच्या बाजारातही पुरी करता येते. भांडणात गड्याला 'बांगड्या भर' म्हणून हिणवणारे सरळगावातही भेटतात आणि विधानसभेतही. म्हण लागते, पण ती ऐकून उलट बोलता येतं. फॉर्मवरच्या रकान्याला उलट बोलता येत नाही. शहापूर-मुरबाडच्या बाईचं आयुष्य कशाने बांधलं असेल तर बोलीतल्या शब्दांपेक्षा कचेरीतल्या शब्दांनी जास्त, असं माझं मत आहे, आणि हा आढावा त्याच मतावर उभा आहे.

आधी व्याकरणाचा हिशेब उरकून टाकू, कारण बरेचसे आरोप त्याच्यावरच होतात. मराठीत तीन लिंगं. मोठी वस्तू पुल्लिंगी आणि तिचं लहान रूप स्त्रीलिंगी: सुरा-सुरी, दोर-दोरी, विळा-विळी. विळा शेतात, विळी स्वयंपाकघरात, असं बोट दाखवता येतं खरं. पण भातकापणीच्या दिवसांत विळा बाईच्याच हातात असतो, आणि हंडा पुल्लिंगी असूनही पुरुषाच्या डोक्यावर दिसत नाही. संस्कृतात पत्नीसाठी भार्या हा स्त्रीलिंगी शब्द आहे, दार पुल्लिंगी आणि कलत्र नपुंसकलिंगी. त्यावरून बायकोचं काहीच ठरलं नाही. मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत लग्नाआधीच्या मुलीला नपुंसकलिंग लावतात, तर कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत 'मी जातो' म्हणतात. प्रमाण मराठीतली एकटी बाई 'मी गेले' म्हणते, पण बचत गटाच्या पंधरा जणी मिळून सांगतात तेव्हा 'आम्ही बँकेत गेलो' असंच येतं. लिंगभेद करणाऱ्या भाषा जिथे बोलतात तिथे बायकांचा नोकरी-धंद्यातला वाटा कमी दिसतो, असं जागतिक बँकेच्या एका अभ्यासातून पुढे आलं आहे. पण बंगालीत आणि फारसीत व्याकरणाचं लिंग नाही, म्हणून तिथल्या सासुरवाशिणी काही सुटल्या नाहीत.

बोलींकडे आलं की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) ठाणे जिल्ह्याच्या आगरी, वारली, ठाकरी, कातकरी या बोलींचे नमुने आहेत. शहापूर-मुरबाडात आज या बोली कुणबी मराठीच्या शेजारी नांदतात. त्यांतल्या आदिवासी बोलींत आणि आगरीत 'अहो-जाहो'चं प्रस्थ नाही. बापाला तू, सासऱ्याला तू, नवऱ्यालाही तू. प्रमाण मराठीत नवरा 'अगं' म्हणतो आणि बायको 'अहो', म्हणजे घरातली पायरी हाकेतच ठरते. इथे ती पायरी नाही. मग पोरगी शाळेत जाते, 'नीट' बोलायला शिकते आणि नवऱ्याला अहो म्हणणं हे सुधारलेपणाचं लक्षण ठरतं. बोलीला अशुद्ध ठरवताना तिच्यातली ही बरोबरीही आपण पुसली, याची नोंद फारशा कुणी घेतलेली नाही.

याच समाजांत बाईसाठी एक पद होतं, जे तिला कुणाच्या बायकोपणातून मिळत नसे. वारली लग्न लावते ती धवलेरी. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले म्हणते ती धवलारीण. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. तेराव्या शतकातल्या महदंबेचे 'धवळे' मराठी साहित्याच्या इतिहासात पहिल्या पानावर असतात. तिच्या रचनेचं नाव आणि या बायकांच्या पेशाचं नाव एकाच मुळातलं. आता हळदीला डीजे येतो आणि लग्न लावायला भटजी, त्यामुळे धवलारणीला बोलावणं येतं ते 'परंपरा' म्हणून, दहा मिनिटांपुरतं.

मात्र बोलीला डोक्यावर घेऊन नाचण्याचंही कारण नाही. गावात कुणी आजारी पडला, जनावर दगावलं की उपाय करणारा तो भगत आणि खापर फुटतं ती भुताळी. दोघांनाही अदृश्य शक्ती वश असते असं मानतात. पुरुषाची ती विद्या, बाईची ती बाधा. भगताला कोंबडं मिळतं, भुताळी ठरलेलीला मार, कधी गावाबाहेरची वाट. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने या छळाला गुन्हा ठरवलं. तक्रार द्यायला मात्र बहुधा त्या बाईलाच पोलीस ठाणं गाठावं लागतं.

आता पदांची नावं. पाटलीण, कुळकर्णीण, डॉक्टरीणबाई: मराठीचा हा 'ईण' बहुतेक वेळा बायको सांगतो, हुद्दा नाही. सरपंचीणही पूर्वी सरपंचाची बायकोच असे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, महाराष्ट्राने २०११ साली हा वाटा निम्म्यावर नेला, आणि गावोगाव खुर्चीवर बाई आली. तिला हाक काय मारायची, यावर 'ताई' आणि 'मॅडम' असे दोन तोडगे निघाले. एक नातं, दुसरं इंग्रजी. तिच्यासोबत एक नवा शब्दही जन्मला: सरपंचपती. बायकोच्या पदावरून नवऱ्याला नाव मिळण्याचा हा मराठीतला दुर्मीळ योग म्हणायचा. पण पाटलिणीला पाटीलकीचा शिक्का कधी हाताळायला मिळाला नव्हता. सरपंचपती मात्र ठरावाचं पुस्तक काखेत घेऊन पंचायत समितीत फिरतो आणि अधिकारी त्याला खुर्ची देतात. शहापूर पूर्ण आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतं. पेसा कायद्याने ग्रामसभेला इथे जास्तीचे अधिकार आहेत. म्हणूनच ग्रामसभेत कोण बोलतं आणि इतिवृत्तात कुणाच्या तोंडी ते लिहिलं जातं, याला इथे इतर तालुक्यांपेक्षा अधिक किंमत आहे.

मजुरीची भाषा सरळ आहे. आवणीच्या दिवसांत शेतमालक विचारतो, किती गडी, किती बाया? गड्याची हजेरी वेगळी, बाईची वेगळी. कारण विचारलं तर गड्याचं काम 'जड' असतं म्हणतात. चिखलणी जड हे खरं. पण दिवसभर कमरेत वाकून पाण्यात रोपं लावणं हलकं कसं, हे सांगताना मालक अडखळतो. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला. रोजगार हमीच्या मस्टरवर दोघांचा दर एकच असतो, म्हणजे बाईचं काम हलकं नाही हे सरकारी मोजमापाने केव्हाच कबूल केलं आहे.

वीटभट्टीवर त्याहून बिकट. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या बाजूला भट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात, हातात पैसा नसताना बयाणा घेतलेला असतो आणि तो नवऱ्याच्या नावावर मांडलेला. विटा दोघं थापतात, पोरंही हात लावतात. हिशेबाच्या वहीत एकच नाव. मराठवाड्यातल्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, म्हणजे बाई अर्धा कोयता. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये वारल्यांच्या लग्नगडीपणाची हकिगत लिहिली आहे: लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि फेडीसाठी त्याच्याकडे राबायचं. राबायची बायकोसुद्धा. शब्दात मात्र गडी एकटाच.

आणि मग सातबारा. या दोन तालुक्यांत भाषेने बाईचं काय केलं हे एकाच कागदावर पाहायचं असेल तर तो मागवावा. बाप वारला की फेरफारात वारस लागतात. पूर्वी थोरल्या मुलाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं पडत: एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकी भाऊ त्या तीन अक्षरांत मावायचे. बहिणी जायच्या शेजारच्या रकान्यात, 'इतर हक्क' या मथळ्याखाली, सोसायटीच्या कर्जाच्या आणि विहिरीच्या बोज्याच्या पंगतीत. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सा दिला, केंद्राने २००५ साली, आणि ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मापासूनच असल्याचं सांगितलं. तरी हक्कसोडपत्राचा धंदा मंदावला नाही. दुय्यम निबंधकाच्या ओट्यावर बहीण बसते, भाऊ चहा आणतो, लेखनिक मजकूर वाचून दाखवतो: स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, बंधुप्रेमापोटी. तिला मजकुरापेक्षा माहेर तुटण्याची चिंता असते. सही होते, साडी मिळते. समृद्धी महामार्गासाठी शहापुरातल्या जमिनी गेल्या. अशा खरेदीत प्रत्येक वारसाची संमती लागते, आणि जिची आठवण भाऊबीजेपुरती येत होती ती बहीण कागदावर अचानक लागते.

आदिवासी बायकांची गोष्ट वेगळी आहे, आणि मुंबई-पुण्याच्या लेखांत ती नेहमी सुटते. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. त्यामुळे १९९४ आणि २००५ या तारखा ठाकर किंवा महादेव कोळी बाईच्या सातबाऱ्याला स्पर्शही करत नाहीत. तिथे 'रूढी' हा एक शब्द कायद्याचं काम करतो आणि रूढी कोणती, हे सांगणारे पुरुषच असतात. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका खटल्यात, उलट रूढी सिद्ध होत नसेल तर आदिवासी बाईलाही समान वाटा द्यावा असं म्हटलं. त्या आधीचं एक दार वनहक्क कायद्याचं, २००६चं. त्यात विवाहित दावेदाराचा वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याचं बंधन आहे. सातबाऱ्याने इतक्या वर्षांत जे केलं नाही ते कलम ४ मधल्या एका वाक्याने केलं. रेशन कार्डाचंही तसंच. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली घरातली सर्वांत वडील बाई कुटुंबप्रमुख ठरवली. शिधा दुकानात ती प्रमुख, तलाठ्याकडे ती इतर हक्कात. एकाच बाईला दोन कागद दोन जागी बसवतात आणि दोन्ही कागद सरकारचेच.

नावाचा घोळ तर प्रत्येक घरात आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव कोरलं जातं, आडनाव तर बदलतंच. पुढे जातीचा दाखला काढायचा तर माहेरचे पुरावे, योजनेचा अर्ज करायचा तर सासरचं नाव, शाळा सोडल्याचा दाखला आणखी तिसरा. सेतू केंद्रातला पोरगा 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगतो. पुरुषाला हे प्रतिज्ञापत्र आयुष्यात सहसा करावं लागत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा याच संदर्भात पाहायला हवी. ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने, मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने ती सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका, गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाटी-पेन्सिल. छायाचित्रं जगभर गेली आणि पाहणाऱ्यांना गोड वाटली. गोडव्यामागचं खरं काम फार जणांनी पाहिलं नाही. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासू. शाळेत शिकवणारीला 'बाई' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. पाणीवाली बाई, कामाची बाई यांच्या रांगेत हा एकच अर्थ असा, ज्याच्यासमोर सारे हात जोडून उभे राहतात. दुसरं, अंगठा सुटून सही आली. सही म्हणजे पूर्ण नाव, आणि पूर्ण नावाच्या मधोमध नवरा. त्या पिढीतल्या बायकांनी नवऱ्याचं नाव उच्चारायचं नसतं, फार तर उखाण्यात गुंफायचं. ते नाव पाटीवर अक्षर लावून लिहायचं, पुसायचं, चुकलं म्हणून परत लिहायचं, हे त्या रूढीला शांतपणे दिलेलं उत्तरच होतं.

पाठ्यपुस्तकांनी आपला वाटा उशिरा उचलला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले, डॉक्टर बाई दिसली, आणि त्याचं कौतुक राज्याबाहेरही झालं. चित्र बदलायला पैसे लागत नाहीत, तरीही इतकी वर्षं लागली.

नावं बदलण्याचे सरकारी प्रयोग मात्र पुष्कळ झाले. काही फळले. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. त्यांच्यापुरता तो बोजा उतरला. एप्रिल २०२३मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' असा शब्द वापरण्याचा प्रस्ताव महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी चर्चेला काढला, आणि बायकांनीच तो झिडकारला. 'गं. भा.' हा जुनाच शिक्का होता, पत्रिकांवर छापला जाणारा. त्याच्या आधी वर्षभर, मे २०२२मध्ये, कोल्हापुरातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने शब्द तसाच ठेवून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथाच बंद करण्याचा ठराव केला होता. दोन्हींतला फरक कुठल्याही एकल बाईला विचारावा, ती लगेच सांगेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी आलं, हा निर्णय चांगला. गंमत अशी की विवाहित बाईच्या स्वतःच्या नावात मधली जागा अजून नवऱ्याचीच. ती मुलाच्या नावात शिरली, आपल्यात नाही.

योजनांची नावंही वाचण्यासारखी आहेत. शेतकऱ्याला मिळतो तो 'सन्मान निधी', बेरोजगार तरुणाला 'युवा कार्य प्रशिक्षण', आणि बाईला महिना दीड हजार रुपये मिळतात ते 'लाडकी बहीण' म्हणून. ते पैसे खरे आहेत, डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, आणि त्याचं मोल कमी लेखणाऱ्याने एकदा तिच्या किराणा-उधारीची वही पाहावी. पण हक्काला नात्याचं नाव दिलं की मागणाऱ्याची मान थोडी खाली जाते. बहिणीने भावाकडे हट्ट करावा, दावा करू नये, हे हक्कसोडपत्राने तिला आधीच शिकवलेलं असतं.

या साऱ्यात सर्वांत महाग पडलेला शब्द म्हणजे सेविका. अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना १९७५ची, आशांची नेमणूक २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासूनची. पाड्यावरचं वजन-उंचीचं रजिस्टर, गरोदर बाईला रात्री शहापूरच्या रुग्णालयात आणणं, लसीकरण, सर्वेक्षण, सगळं याच बायका करतात. एक अंगणवाडी 'सेविका', दुसरी आशा 'स्वयंसेविका'. सेवेला पगार नसतो, म्हणून पहिलीला 'मानधन' आणि दुसरीला कामागणिक 'मोबदला'. सुट्टी, पेन्शन, किमान वेतन हे सगळं 'पगार' या शब्दाला बांधलेलं असल्यामुळे आपोआप टळतं. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. मानधन हे या कायद्यापुरतं वेतनच, असा त्याचा अर्थ.

'सेवक' हा शब्द पुरुषांच्या वाट्यालाही होता. ग्रामसेवकांनी तो नको म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, आणि २०२४ साली मंत्रिमंडळाने त्यांना 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं. तलाठीही 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत संपावरच्या आशा शहापूरहून ठाण्याच्या दिशेने पायी निघाल्या होत्या, आणि पुढे आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या. मार्चमध्ये शासन निर्णय निघाला: महिना पाच हजारांची वाढ. आदेशात ती वाढ 'मोबदल्या'त दाखवली आहे. सेवेत कायम करा, ही त्यांची मागणी निवेदनात पुन्हा पहिल्या क्रमांकावर लिहिली जाते.